बाबांनी पाहिलेल्या गुहा

गुरुवार, २ मार्च २००६. टे कुइटी, न्यूझीलंड

कॅरनला, आमच्या मॅनेजरला, भिंतीचा मजकूर पुढच्या शुक्रवारी पेंटरकडे द्यायचाय. आमच्या गुहेच्या तिकिटखिडकीशेजारची भिंत, 'जगातल्या गुहा', ज्यांनी पाहिल्या त्यांच्याच शब्दांत. पाचातल्या तीन बाबांच्या: युगोस्लाव्हियातली पोस्तोयना, माल्लोर्काची ड्राक, बैरूतजवळची जीता. खाली बाबांचा फोटो आणि नाव, 'जहाजावरचे इंजिनिअर, पुणे'. आज पाचव्यांदा वाचला. स्वल्पविराम एक कमी केला, मग परत घातला.

तिन्ही तोंडपाठ आहेत. पहिली ते तिसरी घरीच शिकले, दम्यामुळे. बोट कायमची सोडून आलेले बाबा हेच मास्तर. भूगोल गुहांवरून. वहीत प्रत्येक वाक्यापुढे पा. किंवा ऐ. लिहायचं, पाहिलेलं की ऐकलेलं. कावळा काळा: पा. पृथ्वी गोल: ऐ. ऐ.च्या जागी पा. लिहिलं की अख्खं पान पुन्हा. बाबांच्या गुहा सगळ्या पा.

त्यांच्यामुळेच जिऑलॉजी घेतलं. त्यांच्यामुळेच इथे हेल्मेट घालून लोकांना जमिनीखाली नेते.

उद्या दादा आई-बाबांना घेऊन त्याच्या घरून, वेलिंग्टनजवळच्या जॉन्सनव्हिलहून येतोय. बाबांनी पुण्याला चार जणांना फोन केले म्हणे, न्यूझीलंडच्या भिंतीवर नाव लागणार म्हणून.

आईचे गुडघे. पायऱ्या ९२. ती वरच बसलेली बरी.

शनिवार, ४ मार्च

दहाची टूर. अकरा जण. आई आणि दादा वरच थांबले. बाबा जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून आले, ऑफिसातले बूट दिले, एक नंबर मोठे.

सुरुवातीला मी नेहमीचं बोलले, फक्त आज बाबांकडे हात करून. माझे वडील, ह्यांनी जगातल्या मोठ्या गुहा पाहिल्यात, मी त्यांच्याकडून शिकले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी हेल्मेटला हात लावून सलाम केला.

टूरमध्ये स्लोव्हेनियाचे, म्हणजे पूर्वीच्या युगोस्लाव्हियातलेच, एक आजोबा. पोस्तोयनाच्या शेजारच्या गावचे! केवढा आनंद. म्हणाले, "मग आमची छोटी आगगाडी आवडली का तुम्हाला?"

बाबा म्हणाले, "आगगाडी नव्हती. आम्ही चालत गेलो. एक माणूस पुढे, कंदील घेऊन."

आजोबा हसले. "माझे आजोबासुद्धा गाडीतूनच आत गेले होते हो. दुसरी गुहा असेल."

"असेल," बाबा म्हणाले. बुटांकडे बघत.

दुसरी गुहा. पण तो गुलाबी, आंधळा, पाण्यातला प्राणी पोस्तोयनातलाच. तळहातावर ठेवला होता, गार लागला, असं बाबा सांगायचे.

पायऱ्यांवर कठडा दोन्ही हातांनी. साठाव्या पायरीच्या आसपास बाबा थांबले. हळूच: "मनू, वरून काही पडत नाही ना गं?"

खाली गुहेतल्या नदीवर नावेत बोलायचं नाही हा नियम. मी दोर ओढत होते. वर छतभर निळे ठिपके. नावेत बसण्याआधी मी सांगते की हे तारे नव्हेत, अळ्या आहेत, भुकेल्या, किडे फसावेत म्हणून पेटतात. बाबांना ते आवडलं नव्हतं. "कशाला सांगतेस? बघू दे की बिचाऱ्यांना."

अंधारात शेजारी त्यांचा श्वास ऐकू येत होता. तोंडानेच घेत होते. एकदा अगदी लहान आवाजात "अबब" म्हणाले. नियम मोडून. पहिल्यांदाच बघणारे म्हणतात तसं.

बाहेर आल्यावर जेवणाचंच बोलले. मीही.

रविवार, ५ मार्च

सकाळी आई थालीपीठ थापत होती. बाबा अंघोळीला. विचारलं, पोस्तोयनाला बाबा कोणत्या साली गेले होते?

आई थापतच राहिली. मग म्हणाली, "ते कधी उतरले गं बोटीवरून? बंदर आलं की बाकीच्यांना सुट्टी, इंजिनवाल्यांना काम. सगळी दुरुस्ती तेव्हाच. डेकवरचे डिसोझा फिरून यायचे, ते सांगायचे ह्यांना."

"ड्राक? तळ्यात नावेतून व्हायोलिन वाजवतात ते?"

"डिसोझा."

"जीता?"

"अगं, सगळंच डिसोझा. तेल घाल, करपतंय."

दादा दाराशी उभा. त्याचा चेहरा बघितल्यावर कळलं.

"मला नववीतच माहीत होतं," म्हणाला. "एवढं काय, मस्त गोष्टी होत्या की."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू पानं पुन्हा लिहायला बसली असतीस."

हसला. आईसुद्धा. मग माझ्याकडे बघून थांबले.

म्हणजे घरात मी एकटीच

निघायच्या आधी बाबांना अंगणात गाठलं. गाडीच्या काचा पुसत होते, पुसायची गरज नसताना. म्हटलं, डिसोझांनी पाहिल्या होत्या ना. नाकारलं नाही.

"दिवसभर पाठीला उशी लावून बसायचीस. धाप लागायची. काय सांगायचं होतं तुला? बॉयलरचं?"

"बॉयलरचं सांगायचं होतं."

"ऐकलं असतंस?"

खरंच माहीत नाही. पण मला विचारलं कुठे होतं?

म्हटलं, "एका पेनाच्या टोकाएवढ्या चुकीसाठी पान पुन्हा लिहायला लावायचात."

"तू नीट शिकावीस म्हणून."

"आणि तुम्ही?"

दादाने हॉर्न वाजवला.

सोमवार, ६ मार्च

टूर तीन. बाबांचं वाक्य गाळलं. ऐन तिथे येऊन अडले, एका बाईने विचारलं, तू ठीक आहेस ना.

दोन उन्हाळे रोज सांगत आले. किती लोक असतील. काही हजार तरी. त्यांतल्या कुणी घरी जाऊन सांगितलं असेल, तिचे वडील म्हणे... त्यांना कसं कळवणार. मूर्खपणा आहे, कळतंय. तरी नोंदवहीतली नावं चाळत बसले.

राग डिसोझांवर यायला हवा होता असं वाटलं क्षणभर. त्यांनी तर खरं सांगितलं.

गुरुवार, ९ मार्च

कॅरनला सांगितलं. सगळं, घरचंसुद्धा.

ती म्हणाली, "मनू, कोण तपासणार आहे? लिखाण सुंदर आहे. तुझ्या बाबांचा फोटो तर काय गोड. स्वीट ॲज, एकदम झकास."

म्हटलं, भिंतीवर लिहिलंय, 'ज्यांनी पाहिल्या त्यांच्या शब्दांत'.

तिने खांदे उडवले. "तू म्हणशील तसं. पण काढलं तर त्यांना तूच सांगायचं हं."

तिन्ही परिच्छेद काढले, फोटोही. जागेवरच, तिच्या कॉम्प्युटरवर. दोन मिनिटं लागली. रिकाम्या जागी ती आमच्याच गुहेचा नकाशा टाकणारे.

बाहेर येऊन बाकावर बसले. बरोबर केल्यावर बरं वाटतं असं बाबांनी शिकवलं होतं. वाटलं नाही.

रविवार, १२ मार्च

जॉन्सनव्हिलहून फोन. मंगळवारी दोघांचं विमान. आधी बाबा. आवाज मोठा, आजूबाजूला माणसं. दादाने ओळखीच्यांना जेवायला बोलावलंय.

"मनू, लागला का गं फोटो? इथे सगळे विचारतायत."

"पेंटर शुक्रवारी मजकूर घेऊन गेला," म्हटलं. हे खरं आहे.

मग फोन घेऊन दुसऱ्या खोलीत गेले असावेत, गलका थांबला. हळू आवाजात: "राहू दे ना ते तसंच. कुणाचं काय बिघडतंय? एवढं एक कर माझ्यासाठी."

माझ्याकडे मागतायत. मला खोटं बोलायला सांगतायत, तेही ह्या आवाजात. ह्या आवाजात त्यांनी कधी काही मागितलं नाही. संतापाने कान तापले आणि त्याच वेळी रडू

"बाबा, आईला द्या."

आईला सांगितलं, काढून टाकलंय, गुरुवारीच. आई म्हणाली, "आत्ता नको बोलूस. प्रवास आहे. घरी पोचलो की मी सावकाश सांगेन."

"सावकाश म्हणजे कधी?"

"बघू गं. योग्य वेळ बघून."

मला सांगायची योग्य वेळ यायला हिला वीस वर्षं लागली.

हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. आई दादाला सांगेलच; म्हणजे दादा, आई आणि मी, तिघांना माहीत आणि बाबांना नाही.

कॅरनने मंगळवारची सुट्टी दिली, मी निरोपाला जातेय. सकाळची बस वेलिंग्टनला दुपारी पोचते, विमान संध्याकाळी. मध्ये तीन तास. बाबा विमानतळावर सगळ्यांच्या पुढे उभे असतील आणि पहिलं फोटोचंच विचारतील.