अर्जावर उमेची सही

देवास, माघ शुद्ध ७, सन १९११

तीर्थस्वरूप ताईचे चरणी उमेचा शि. सा. न. वि. वि.

दरबाराने मुलींची शाळा काढली आहे. शिकवायला बाया हव्यात, परीक्षा दिल्यास विधवाही चालतील, अशी चौकात दवंडी झाली. मला 'यांनी' हयात असताना मोडी, बाळबोध दोन्ही शिकवले होते; अर्ज करावासा वाटला. पण थोरले दीर म्हणाले, आमच्या घरची बाई चाकरी करणार नाही. होळी झाली की सोनकच्छला आत्याबाईंकडे स्वयंपाकाला जाईल. जाऊबाईंनी माझी लुगडी गाठोड्यात बांधलीसुद्धा. पुरुषाच्या संमतीवाचून अर्ज कोण घेणार? तेविसाव्या वर्षीच सगळे संपले असे वाटते. काही मार्ग सुचव.

तुझ्या आधाराची, उमा

धार, माघ वद्य ४

चि. गं. भा. उमेस यमुनेचे अनेक आशीर्वाद.

रडणे पुरे. तुझ्या भावोजींनी देवासच्या कचेरीत चौकशी करून हुकमाची नक्कल मागवली, ती सोबत आहे. सज्ञान बाईचा अर्ज तिच्याच सहीने घ्यावा, असे त्यात साफ लिहिले आहे. तुझ्या थोरल्या दिरांच्या, मोरोपंतांच्या, संमतीची गरज नाही. लहानपणी भिंतीवर कोळशाने नाव लिहून माईचा मार खाल्लास, आता कागदावर लिहायला भितेस होय?

माया आहे तशीच असो. यमुना

देवास, चैत्र शुद्ध ५

ति. ताईस उमेचा शि. सा. न.

परीक्षा उतरले! अर्ज घेऊन मी स्वतः कचेरीत गेले. कारकुनाने विचारले, बाईसा, घरच्या पुरुषाची सही कुठे? मी नक्कल पुढे केली. त्याने दोनदा वाचली आणि अर्जावर शिक्का मारला. दिरांनी आठ दिवस माझ्या हातचे पाणी घेतले नाही. सोनकच्छची गाडी आली ती रिकामीच परत गेली. त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी पोटभर जेवले.

पाडव्याला शाळा उघडली, अकरा मुली आल्या. आणि काल दीर स्वतः धाकट्या लेकीला, पार्वतीला घेऊन दारात उभे! त्यांच्या कचेरीतल्या साऱ्यांच्या मुली येतात म्हणून की मनापासून, देव जाणे. बारा वर्षांत माझ्याशी सरळ न बोललेले ते, म्हणाले, बाई, हिचे नाव घाला. मी पार्वती लिहिले. पुढे बापाचे नाव हवे; रीतीप्रमाणे थोरल्या दिरांचे नाव मी कसे घेणार? शाळेच्या नियमाप्रमाणे त्यांनाच विचारले. त्यांनी उभ्या उभ्या स्वच्छ सांगितले, आणि मी लिहून घेतले.

भावोजींना साष्टांग नमस्कार. आजवर लावलास तसाच जीव लावीत जा.

तुझी उमा