पाठीला पाठ लावून

प्रिय ताई,

तुझ्या पहिल्या मुलाखतीची तयारी आपण जेवणघरात केली होती, आठवतं? समोरासमोर बसलो की हसू फुटायचं, म्हणून पाठीला पाठ लावून दोन खुर्च्या मांडल्या. मी साहेबाचा आवाज काढून विचारलं, "नोकरी कशाला हवी?" तू म्हणालीस, "दिवसभर या चिमणीच्या तोंडाला तोंड द्यायला नको म्हणून!" आई दारात पोट धरून हसत होती.

इथे विद्यापीठात मुलाखतीच्या सरावाला मी मुलांना अजून तसंच बसवते. त्यांना संगणकावर सगळं येतं, पण माणसासमोर बोलायला जमत नाही. काल एक अबोल मुलगी माझ्या पाठीला पाठ लावून बसल्यावर छान बोलू लागली. मी हळूच तिच्यासमोर जाऊन बसले, तरी ती थांबली नाही. मग एकदम म्हणाली, "अय्या मॅडम, तुम्ही इकडे कधी आलात?"

पुढच्या सत्रापासून हे प्रश्न यंत्र विचारणार आहे, म्हणून माझा वर्ग बंद होतोय. तू काळजी करू नकोस, माझी तब्येत ठणठणीत आहे. अशा मुलींसमोर आता कोण जाऊन बसणार, एवढंच मनात येतं.

भाऊजींचा गुडघा कसा आहे? तुझ्या नातीची मुलाखत कधी आहे?

हे सत्र संपलं की मी तुझ्याकडेच येतेय, माझं सामान पुढे पाठवतेय. राखाडी स्वेटर तुझा, लोकरी मोजे भाऊजींना, जाडा शब्दकोश नातीला. जेवणघरातल्या त्या दोन खुर्च्या मात्र कुणाला देऊ नकोस. एकीवर नातीला बसव, दुसरी माझ्यासाठी ठेव.

तुझीच,
चिमणी