खंडेनवमीचं खोबरेल

महाड, नोव्हेंबर १९९८

प्रिय शौनक,

दुसऱ्या पायडलची सळई आत्ता कुठे निघाली. हात रॉकेलने माखलेत, कागदाला डाग पडतील. पडू देत. बाबांची ती टेबलासारखी चार पायांवर उभी राहणारी पायडलची गिटार स्वयंपाकघरात जुन्या चादरीवर उलटी ठेवली आहे, चारी पाय काढून. तिच्या पोटातून जे निघतंय ते टूथब्रशने खरवडून वाटीत काढते आहे. हळद, कुंकू, झेंडूच्या पाकळ्या, गंज, आणि या सगळ्याला धरून बसलेलं खोबरेल. तुझी खंडेनवमी.

पुण्याहून दोन दिवस आलास. अंगणात स्कूटर धुतलीस आणि त्याच पाइपाने गिटारही धुतलीस. मग घरातल्या कोयत्या-विळ्यांबरोबर तिलाही पाटावर मांडलंस, आणि खालच्या सांध्यासांध्यांत खोबरेल ओतलंस. तिथे शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब लागतो. धोबीतलावच्या गोवेकर वादकाकडून बाबांनी ती घेतली तेव्हापासून दर गणपतीनंतर ते आपल्या दोघांना जवळ बसवून दाखवायचे, पायडल दाबलं की कुठली सळई ओढली जाते आणि तारेचा सूर कसा चढतो. मी फडकं धरायची. तू खेळायला पळायचास. तरी बघितलं तर होतंस.

पूजेचा फोटो तू फ्रेम करून पाठवलास. हार घातलेली गिटार, शेजारी तू, मागे खुर्चीत हात वर केलेले बाबा. आशीर्वाद देतायत, असं तू फोटोच्या पाठीवर लिहिलंस. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांचं बोलणं अजून जड होतं, म्हणून त्यांनी हात वर केला होता. ते तुला थांब म्हणत होते.

बाकीचं तुला माहीत नाही, कारण तू विचारलं नाहीस. झटक्यातून डावा हात परत आला, पाय अर्धाच आला. डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम त्यांनी एक दिवस केले आणि सोडले. स्वतःच्या मनाने एकच करायचे. सकाळी गिटारपुढे बसायचं आणि डाव्या पायाने पायडल दाबायचं. पायाने किती दाबलं गेलं ते त्यांना कानाने कळायचं. आधी तार नुसती कुरकुरायची. दिवाळीपर्यंत जवळजवळ पूर्ण सूर चढायला लागला होता. चढला की चहा मागायचे, नाही चढला तर शेजाऱ्यांच्या रेडिओला शिव्या द्यायचे.

मग थंडी पडली आणि तुझं तेल गोठलं. त्या सकाळी पायडल हललं नाही. त्यांनी पुन्हा दाबलं. मग पायाकडे बघितलं, गिटारकडे नाही. मी सांगितलं, बाबा, तेलामुळे अडलंय, पायामुळे नाही. माझी समजूत काढू नकोस, म्हणाले आणि आडवे झाले. तेव्हापासून उठलेले नाहीत. जेवण पलंगावर.

पोलादपूरहून कामाला येणारी राहीबाई तेवढी स्पष्ट बोलली. "तुझ्या भावानं त्या गिटारचा देव केलान. देव हलतो काय गो कधी?" मला हसू आलं, आणि मग तुझा इतका राग आला की मी फोन केला. तू म्हणालास, श्रद्धेने केलं गं ताई. म्हणालास, या वयात असं व्हायचंच. त्यांना पुण्याला आणू, गिटार कुणा हौशी माणसाला देऊन टाकू. एका दमात. माणूस आणि वस्तू, दोन्हींची सोय लावलीस. पायडल का अडलं, हे मी सांगत होते तेव्हा तू कुणाला तरी चहा ठेवायला सांगत होतास.

राग फोनवरही काढता आला असता. लिहिते आहे ते भीतीने. सगळ्या सळया आता मोकळ्या झाल्या आहेत. पाय जोडले की गिटार उभी राहील, आणि उद्या मी बाबांना तिच्यापुढे बसवणार आहे. इतके दिवस मी तेलाकडे बोट दाखवत होते. उद्या तेल नसेल. तरीही पायडल खाली गेलं नाही, तर काय झालं ते त्यांना कळेल, आणि त्यांना ते कळताना मला बघावं लागेल. एकटीला. तेव्हा तू खोलीत असायला हवास, म्हणून हे पत्र. पोचेल तोवर ती वेळ होऊन गेलेली असेल. तरी ये. माफ करेन म्हणून येऊ नकोस.

तुझीच, आज नाइलाजाने,
अनुपमाताई

ता. क. सकाळी. बाबांना बसवलं. पाय मी उचलून पायडलवर ठेवला. पायडल गेलं नाही. मी खाली वाकून हाताने दाबलं तर सहज गेलं. त्यांनी ते पाहिलं. मग म्हणाले, "मग तू दाबत जा." त्यांनी तार छेडली, मी जमिनीवर बसून दाबलं.