झिरौटी कुणी सांगितली

बाबू, हे मराठीत लिहितोय. तुम्हाला मराठी वाचता यायची, बोलताही चांगली यायची; भोसरीच्या कंपनीत तीस वर्षं स्टोअर सांभाळलंत ते काही मुक्याने नाही. पण घरात मी किंवा आई मराठीत बोललो की ऐकूच आलं नाही असं करून तुम्ही भिंतीकडे बघायचात. आता बघा भिंतीकडे. बारा वर्षं झाली तुम्हाला जाऊन. मधूनच उठून जाता येणार नाही आता.

मी न्यूझीलंडला असतो. इमारतीला परांची बांधतो. दुबईत शिकलो, तिथून इथे आलो. मधे कीवीच्या बागा केल्या, गाईंचा गोठा केला, कुठे सहा महिन्यांच्या वर टिकलो नाही. सध्या काम अल्बनीला, नवीन घरं उठतायत तिकडे, आणि राहतो मनुरेवात, पुण्याच्या एका नर्सताईंच्या घरातल्या मागच्या खोलीत. त्यांचा मुलगा सात वर्षांचा आहे. ताई मराठीत विचारतात, तो इंग्रजीत उत्तर देतो. पहिल्या दिवशी जेवताना त्याने तसं केलं तेव्हा माझा घास हातातच राहिला, आता पोराच्या थोबाडीत बसणार म्हणून. ताईंनी त्याला पोळी वाढली आणि म्हणाल्या, जँडल्स दारात काढत जा रे, चिखल आणतोस. चपलांना इथे जँडल्स म्हणतात. बस, एवढंच. मी तुम्हाला शिव्या देत जेवलो.

तुमचा बांक्याचा मास्तर आठवतो ना, तुमचा पट्टशिष्य? तुमच्या तेराव्यालाच शब्दांच्या चिठ्ठ्यांचे सगळे बुटाचे खोके घेऊन गेला होता तो. त्याचा तीन दिवसांपूर्वी फोन आला. मी जेवणाच्या सुट्टीत फळ्यांवर बसलो होतो, तिकडे पहाट होती. तुमच्या बिहारकडच्या अंगिका भाषेचा शब्दकोश छापायला चाललाय म्हणाला. सगळं झालं, एका नोंदीपाशी अडलंय. झिरौटी. तुमचा नियम होता की सांगणाऱ्याचं नाव नसेल तर शब्द कोशात घ्यायचा नाही, आणि या एकाच चिठ्ठीवर नाव नाही, नुसतं ‘एक म्हातारी’. वर तुम्ही लाल शाईने लिहून ठेवलंय, मुलाला विचारणे. मग भैया, सांगा, नाव काय होतं त्या म्हातारीचं?

म्हातारी नव्हतीच, बाबू.

नववीत नापास झालो तेव्हा बरं झालं म्हणालात. शाळेत जीभ बाटते म्हणालात. वही दिलीत आणि हिंजवडीच्या साइटवर धाडलंत, जिथे तुमच्या भागलपूर-बांक्याकडचे मजूर पत्र्याच्या खोल्यांत राहायचे. रोज दहा शब्द आणायचे, हिंदीत नसलेले. तुम्ही स्वतः कधी गेलात का हो तिथे? दिवसभर स्लॅब टाकून आलेल्या माणसाला एक पोरगा विचारतो, तुमच्याकडे याला काय म्हणतात, त्याला काय म्हणतात. त्यांना वाटायचं मी ठेकेदाराचा माणूस. लाजून हिंदीतच सांगायचे. एक जण तर मला म्हणाला, बेटा, घरी जाऊन आईला विचार. आमची आई जुन्नरची. ती काय सांगणार होती?

त्या रविवारी तुमच्याकडे चौघे आले होते, मास्तरही होता. तुमच्या अंगिका पत्रिकेच्या अंकाच्या घड्या घालणं चाललेलं. तुम्ही माझी वही उघडलीत, दोन पानं वाचलीत आणि म्हणालात, "ई अंगिका नै छेकै." ही अंगिका नव्हेच. वही तोंडावर मारलीत. तिचा कोपरा भुवईला लागला, खूण अजून आहे. मग पाहुण्यांकडे वळून म्हणालात, "हा माझा मुलगा नाही, मुद्रणदोष आहे. शुद्धिपत्र काढायचं राहून गेलं." सगळे हसले. मास्तरही हसला. आई आत सगळ्यांसाठी लिट्टी भाजत होती, तुमच्यासाठी शिकली होती ती. तिला तुमचं बोलणं कळलं की नाही, माहीत नाही. तिने मला हाक मारून कपाळाला हळद लावली.

दुसऱ्या दिवशी मी साइटवर गेलोच नाही. नाशिक फाट्यापाशी पुलाखाली बसून राहिलो आणि एक शब्द बनवला. झिरौटी. दिवसभर उभं राहून काम केलेला माणूस संध्याकाळी बसतो, तेव्हा पायातून जी बारीक कळ खाली उतरत जाते, ती. बांक्याकडच्या एका विटा वाहणाऱ्या म्हातारीने सांगितला म्हणालो, आणि ती सकाळीच दुसऱ्या साइटवर गेली, नाव विचारायचं राहिलं. तुम्ही ओरडाल वाटलं होतं. तुम्ही चष्मा काढलात. तो शब्द दोनदा, तीनदा पुटपुटलात. मग खाटेवरची प्रुफं उचलून बाजूला ठेवलीत आणि मला म्हणालात, "ये, बस." आईला दोन कप चहा ठेवायला सांगितलंत. दोन. पुढच्या अंकात तुम्ही अख्खं संपादकीय लिहिलंत त्यावर, की कष्टकऱ्याच्या थकव्याचा असा शब्द जिच्यात आहे तिला बोली म्हणणाऱ्यांनी आपली लाज झाकावी. मी नंतर महिनाभर खरे शब्द आणले, खऱ्या माणसांचे, नावगावासकट. त्यांच्याकडे तुम्ही मान वर करूनही बघितलं नाहीत.

म्हणजे बाबू, तुमच्या आयुष्याची मान माझ्या एका मेसेजच्या सुरीखाली आहे. तुमच्या भाषेला हसणारे काय कमी आहेत? त्यांना एवढंच कळायला हवं की ज्या शब्दावर या माणसाने अख्खं संपादकीय लिहिलं तो नापास पोराने पुलाखाली बसून केला. मास्तर सांगत होता, आता गावाकडची कॉलेजची मुलं कवितेत वापरतात तो. मला हसू आलं. फोरमनने खालून विचारलं, "ऑल गुड, ब्रो?" मी म्हणालो, स्वीट अ‍ॅज, म्हणजे एकदम झकास.

दोन दिवस मी मेसेज लिहून पुसत होतो. खरंच पाठवणार होतो. कारण मला तो दुसरा अंक आठवत होता. आई वायसीएमच्या वॉर्डात पडलेली आणि तुम्ही तिच्या जेवणाच्या टेबलावर प्रुफं तपासताय. तिने पाणी मागितलं तर म्हणालात, दोन पानं राहिलीत. पाणी मी दिलं. ती गुरुवारी गेली, आणि अंक वेळेवर निघाला. मी हावऱ्यासारखा शोधला त्यात तिला. मागच्या पानावर तळाला बारीक अक्षरात होतं: काही घरगुती अडचणीमुळे संपादकांना वाचकांच्या पत्रांची उत्तरे देता आली नाहीत, क्षमस्व. मला कुणी वाचून अर्थ सांगावा लागला नाही, एवढी अंगिका मला येत होती.

काल मी मास्तरला नाव कळवलं. आईचं. त्याने चार वेळा तिच्या हातची लिट्टी खाल्ली आहे, दर वेळी भाभीजी, भाभीजी. नाव त्यालाही माहीत नाही. लगेच त्याचं उत्तर आलं, हात जोडलेले, वर गाव कोणतं? गाव आठवत नाही म्हणालो. चालेल म्हणाला. आता तुमच्या कोशात, तुमच्या लाडक्या शब्दापुढे, जिला तुम्ही एका ओळीत घरगुती अडचण करून टाकलंत तिचं नाव छापलं जाईल, आणि तुम्ही लाल पेन घेऊन येऊ शकणार नाही.

हे लिहायला बसलो ते हेच सांगून तुम्हाला छळायला. पण कुठल्या पत्त्यावर टाकणार मी हे? तुम्ही नाहीच, तर एक गोष्ट सांगून टाकतो. नाव मी सूड म्हणूनच दिलं, ते खरं. पण शब्द खोटा आहे हे जे मास्तरला सांगितलं नाही, ते आईसाठी नाही आणि तुमच्या भाषेसाठी तर नाहीच. तो शब्द काढला असता, तर तुम्ही प्रुफं सरकवून मला खाटेवर जागा केलीत, तेही गेलं असतं. तसं तुम्ही एकदाच केलंत.