फेसाचं घरटं

सिंदेवाही, १९५६

नागपूरच्या क्षयाच्या दवाखान्यात असलेल्या माझ्या घरधन्याले रंभाचा नमस्कार.

तुमी कलकत्त्याहून आणलेल्या लढाऊ माशांची पिल्लं जगली. नरानं पाण्यावर फेसाचं घरटं केलं, त्यात अंडी ठेवली अन् मादीवरच धावला. तुमी शिकवलं होतं, म्हणून तिले लगेच वेगळं काढलं. पिल्लांले अंड्याचा बलक कालवून दिला. काही मेली. उरलेली आता आपसात भांडतात, म्हणून एकेकाले काचेच्या बरणीत ठेवलं.

काल तुमचे भाऊ लटारू तुमाले भेटून आले. जेवताना मान खाली घालून म्हणाले, "वहिनी, दादा म्हणते, माझ्या छातीचा भरवसा नाई. रंभाले माहेरी धाडा, तिचा दुसऱ्यासंगं पाट लावून द्या."

सासूबाईंची भाकर तव्यावरच जळाली. मी विचारलं, "हे सांगताना ते कसे होते?"

"भिंतीकडे तोंड करून होते."

मले लई राग आला. नर मादीले मारते, म्हणून तिले काढा लागते. तुमी तर मले कधी बोट लावलं नाई. मंग मले काऊन काढून राह्यले?

सकाळी सासूबाई म्हणाल्या, "बरण्यांचं पाणी कसं बदलाचं, ते मले दाखव अन् तू नागपूरले जाय." मी दाखवलं. त्यांनी लगेच एका बरणीचं पाणी बदललं, एक थेंब सांडला नाई.

हे पत्र मी टपालात टाकत नाई. वाचून तुमी येऊ नको म्हणाल. मी आजच्या गाडीनं येऊन राह्यली. आत जाऊ दिलं नाई, तर तुमच्या खिडकीखाली बसीन. तुमी तोंड इकडे करेपर्यंत उठणार नाई.

तुमचीच,
रंभा