शिसे, कथील आणि माझा भाऊ गफूर

मी, राजमहंमद वल्द इब्राहिम तांबोळी, पूर्वी पुण्यात रसायन-तपासनीस, हल्ली राहणार लोणावळे, तालुका मावळ, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहितो. शरीर थकले आहे, बुद्धी शाबूत आहे. कोणाची बळजोरी नाही. राग आहे, पण तो जुना असून माझ्या ताब्यात आहे.

१. मला मूलबाळ नाही. पत्नी चाँदबी वारली. वारस एकच, धाकटा भाऊ गफूर. शरीयतीप्रमाणे एक तृतीयांशापलीकडे मला मृत्युपत्राने देता येत नाही. बाजारातील घराचा माझा निम्मा हिस्सा, सोडावॉटर कारखान्यातील भागी व शिल्लक, यांतले दोन तृतीयांश धन गफूरकडे जाईल. ते मी देत नाही. ते जाते.

२. कारण लिहून ठेवतो. सन १९२६ साली गफूरने पाण्यात वायू भरण्याच्या तांब्याच्या पिंपाला स्वस्तातली कल्हई करून घेतली. कथलात शिसे मिसळलेले होते, आणि वायूचे आंबट पाणी शिसे खाते. बाटल्या भरणारा सोपान, राहणार औंढे, दिवसभर तेच पाणी पिई. त्याला पोटात कळा येऊ लागल्या, हिरड्यांवर निळी रेघ उमटली, मग दोन्ही मनगटे लुळी पडली.

मी सुटीवर घरी आलो होतो. बाटल्यांतले पाणी आटवले, उरलेला क्षार नायट्रिक आम्लात विरघळवला, त्यात प्लॅटिनमचे पत्रे बुडवून बॅटरीचा प्रवाह सोडला. एका पत्र्यावर शिशाचा तपकिरी थर चढला. तो तोलला. मग तोच थर ऑक्झॅलिक आम्लात विरघळवून ब्युरेटमधून, म्हणजे मापाच्या काचनळीतून, परमँगनेट थेंब थेंब सोडले, गुलाबी रंग टिकेपर्यंत. दोन्ही रीतींनी शिसे तेवढेच आले.

गफूर म्हणाला, "भाई, गिऱ्हाइकाला बुडबुडे दिसतात. तुमचं शिसं कुणाला दिसतं?"

मी सरकारात अर्ज केला व कामावर परतलो. चाँदबीला बजावून गेलो होतो की कारखान्याची बाटली तोंडाला लावू नकोस. तिला दिवस गेले होते, उलट्या थांबत नव्हत्या. गफूरने बाटल्यांची पेटी घरी पाठवली आणि सांगितले, "भाभी, हा भाईंनी तपासलेला माल आहे. खुशाल प्या." माझ्या नावावर ती प्यायली. आधी मूल गेले, मग ती. तिच्या मृत्यूचे कारण मी येथे लिहीत नाही. ते मी मोजलेले नाही.

चौकशीला साहेब आले. म्हणाले, "आमच्यासमोर करून दाखवा." मी घरी ठेवलेली उपकरणांची पेटी उघडली, तर प्लॅटिनमचे पत्रे नव्हते. पुढे सराफानेच सांगितले की ते गफूरने विकले. साहेब हसून गेले. सोपानला त्यांनी हाकही मारली नाही. त्याच आठवड्यात गफूरने पिंपाला चोख कथलाची कल्हई केली. म्हणजे माझे म्हणणे त्याला पटले होते. न पटते, तर मी कदाचित क्षमा केली असती.

३. माझा तराजू, ब्युरेटा, बॅटऱ्या व मी नव्याने घेतलेले प्लॅटिनमचे पत्रे गफूरची मुलगी अजीजुन्निसा हिला द्यावेत, आणि माझ्या तृतीयांशातून तिचे कॉलेज पुरे करावे. लहानपणी तिने विचारले होते, "बडे अब्बा, शेवटचा थेंब कोणता ते कसं कळतं?" एवढे विचारणारे या घरात दुसरे कोणी निघाले नाही. हे मृत्युपत्र तिच्या बापासमोर तिनेच वाचावे.

४. मला चाँदबीशेजारी दफन करावे. जनाज्याला गफूरने खांदा देऊ नये. आलेल्यांना विहिरीचे पाणी द्यावे.

५. तृतीयांशातले उरलेले सोपानच्या नावे लिहिणार होतो. परवा त्याला बोलावून तसे सांगितले. सोबत हेही सांगितले, की ज्याला मिळते त्याने साक्षीदार होऊ नये असे वकील म्हणतात.

तो म्हणाला, "मग मला काय नगं, राजभाई. मी साक्षीलाच बसतो. तवा मला कुणी इचारलंच न्हाई."

मी पुष्कळ समजावले. ऐकेना. म्हणून ती रक्कमही अजीजुन्निसाकडे जाईल.

हे मी वाचून दाखविले व साक्षीदारांसमक्ष सही केली.

लोणावळे, ता. ११ जानेवारी १९३८
सही: राजमहंमद इब्राहिम तांबोळी

साक्ष:
१. कोंडाजी, राहणार बेडसे. सही.
२. सोपान, राहणार औंढे. डाव्या हाताचा अंगठा. मनगट उचलत नसल्याने हात कोंडाजीने धरला. अंगठा सोपानने स्वतः दाबला.