बोटीची चौकशी

अण्णा, तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं होत आली आणि मी आज तुम्हाला एका बोटीबद्दल विचारायला बसले आहे. तुमच्या लहानपणची, भाऊच्या धक्क्यावरून रत्नागिरीला जाणारी बोट नव्हे. ही कित्येक मजल्यांची, आत हॉटेल असलेली. मुंबईहून निघते, लक्षद्वीपची तीन बेटं दाखवते आणि परत आणून सोडते. रात्री प्रवास, दिवसा एकेका बेटावर उतरायचं. हिला क्रूझ म्हणतात. डोंबिवलीत हल्ली कुणीही उठतं आणि क्रूझला जातं. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, पूर्वी माणसं टिटवाळ्याला गणपतीला जायची तितक्या सहज.

तुमच्या जावयांना कंपवात झालाय. उजव्या हातापासून सुरुवात झाली, आता पायही अडतात. उभे राहिले की पहिलं पाऊल उचलायलाच वेळ लागतो. एकदा उचललं की चालतात, पण उंबरा आला की पुन्हा थांबतात, आणि मी शेजारी हात धरून उभी. डॉक्टर भला माणूस आहे. गेल्या खेपेला म्हणाला, 'काका, फिरायचं असेल तर या हिवाळ्यात फिरून घ्या, पुढचं पुढे बघू.' त्याचा अर्थ मला कळला आणि ह्यांनाही. घरी येताना रिक्षात हे एवढंच म्हणाले, 'एकदा समुद्राच्या मधोमध जायचं होतं. जिथून किनारा दिसत नाही तिथे.' अण्णा, या माणसाने चाळीस वर्षांच्या संसारात माझ्याकडे चहासुद्धा मागून घेतलेला नाही, समोर आला तर प्यायचा. त्याने समुद्र मागितला. मुलाला फोनवर सांगितलं तर त्याने बंगळुरूला बसल्या बसल्या बोट शोधून काढली. वर म्हणाला, 'आई, मी बुक करून टाकतो, पण रिव्ह्यू मिक्स आहेत गं. तू वाच आणि शुक्रवारपर्यंत सांग.' म्हणजे निर्णय माझ्या गळ्यात.

रिव्ह्यू म्हणजे जाऊन आलेल्यांनी लिहिलेलं बरंवाईट. मी जेवणाच्या टेबलाशी चष्मा लावून दोन दिवस तेच वाचत होते. एक म्हणतो स्वर्ग आहे, दुसरा म्हणतो फसवणूक आहे. कुणी लिहिलंय, जेवण थंड होतं. कुणी लिहिलंय, इतकं खाल्लं की कपडे होईनात. एकाच्या खोलीला खिडकी नव्हती म्हणून त्याने रागाने पानभर मजकूर लिहिलाय, आणि बिनखिडकीची खोली त्याने स्वतःच घेतली होती हे शेवटच्या ओळीत कळतं. एका बाईंनी मात्र लिहिलं होतं, 'वयस्कर माणसांना नेऊ नका. बोट बेटापर्यंत जातच नाही. भर पाण्यात लहान होडीत उतरावं लागतं आणि होडी हलत असते.' ते वाचून मी फोन पालथा ठेवला. घरातल्या न हलणाऱ्या उंबऱ्याशी ज्यांचं पाऊल थांबतं त्यांना मी हलत्या होडीत कशी उतरवू? दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन सुलटा केला, आणि वाचता वाचता मला तुमच्यासोबतचा कल्याणचा तो रविवार आठवला.

आपल्या चाळीत कुणाच्याही मुलीचं स्थळ आलं की चौकशीला तुम्हाला पाठवायचे. कारखान्यातली नोकरी सांभाळून तुम्ही हा दुसरा धंदा बिनपगारी करत होतात आणि आई म्हणायची, 'लष्कराच्या भाकऱ्या भाजा.' कधी कधी मला बरोबर न्यायचात, कारण लहान मुलगी सोबत असली की लोक मोकळं बोलतात. त्या रविवारी आपण कल्याणला उतरतो, शेजारच्या ताईसाठी सांगून आलेल्या मुलाची इमारत शोधतो. मला वाटतं आपण आता त्यांच्या ओळखीच्या, चांगल्या माणसांना विचारणार. तुम्ही खाली खेळणाऱ्या पोरांना विचारता, 'या घराचं भांडण कुणाशी आहे रे?' पोरं एका सुरात पहिल्या मजल्याकडे बोट दाखवतात. पहिल्या मजल्यावरच्या बाई तर वाटच बघत असल्यासारख्या सुरू होतात. 'खडूस माणसं हो! नळाला पाणी आलं रे आलं की यांचा हंडा पुढे. आणि तो मुलगा! आमच्या सासूबाईंचे दोन हंडे भरून वर आणून देतो, सगळ्या इमारतीला दिसावं म्हणून.' तुम्ही मान डोलावता, पाणी पिता, नमस्कार करून खाली येता.

रस्त्यात मी म्हटलं, 'अण्णा, ती बाई खोटारडी आहे.' तुम्ही चालता चालता थांबलात. मला वाटलं शाबासकी मिळणार. तुम्ही म्हणालात, 'असं कुणाबद्दल पटकन बोलायचं नाही. भांडलेला माणूस खोटं बोलत नाही, मोठं करून बोलतो. त्याला काय त्रास झालाय तो बघायचा, तेवढा वजा करायचा, आणि उरेल ते घ्यायचं.' मग स्वतःशीच हसून म्हणालात, 'दिसावं म्हणून भरतो, पण भरतो ना?' ताईचं लग्न तिथेच झालं आणि ती सुखात आहे. मी मात्र त्या बोलण्याने इतकी खट्टू झाले होते की तुम्ही घेऊन दिलेला बर्फाचा गोळासुद्धा नको म्हणाले. त्याचं अजून वाईट वाटतं, गोळा कालाखट्टा होता.

तर मी ठरवलं, फोनवर वाचून स्थळं ठरत नाहीत, चौकशीला जायचं. भजनी मंडळात विचारलं तर दोन पत्ते मिळाले. एक ठाण्याच्या बाई, त्या बोटीला शिव्या घालतात. दुसरे टिटवाळ्याचे एक निवृत्त गृहस्थ, ते भेटेल त्याला फोटो दाखवतात. तुमच्या पद्धतीप्रमाणे आधी शिव्या.

ठाण्याच्या बाई टेंभी नाक्याच्या मागच्या बाजूला राहतात, माझ्याहून थोड्या मोठ्या. पोह्यांची ताटली हातात देईपर्यंत त्यांचं सुरूच झालं होतं. 'अहो, खोली कसली, कपाट ते! जेवण गार. गाणी इतक्या मोठ्याने की छातीत धडधडावं.' मी मान डोलावत राहिले, अगदी तुमच्यासारखी. मग विचारलं, 'जायचं कुणी ठरवलं होतं?' बाई थांबल्या. 'मुलाने तिकीट काढलं, सुनेने बॅग भरली. मला आदल्या दिवशी कळलं. आणि तिथे गेल्यावर नातवंडं माझ्या खोलीत, ही दोघं वर डेकवर. मी कपाटात बसून कार्टून बघितलं.' मी म्हटलं, 'बेट एकही नाही पाहिलं?' 'पाहिलं ना. एकावर उतरले. होडी हलते, खोटं कशाला सांगू. पण दोन खलाशी बगलेत हात घालून उचलतातच आपल्याला. आपण लाजायचं नाही, अंग सोडून द्यायचं.' मग त्यांचा आवाजच बदलला. 'पाणी काय होतं हो. आपल्या हिरव्या बांगड्या असतात ना, उन्हात धरल्यावर, तसं. पायाची बोटं दिसत होती मला. अर्धा तास तशीच उभी होते.' निघताना त्या जिन्यापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, 'जायचं तर जा, पण स्वतःच्या मनाने जा.'

टिटवाळ्याचे गृहस्थ नव्या टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर राहतात. दारातूनच म्हणाले, 'बिनधास्त जा ताई, एक नंबर! काय टेन्शन घ्यायचं नाय.' जेवण एक नंबर, खोली एक नंबर, समुद्र तर विचारूच नका. कौतुक करणाऱ्याला तुम्ही नेहमी एकच प्रश्न विचारायचात, तुम्ही तुमची मुलगी त्या घरी दिली असतीत का? मी तोच प्रश्न बदलून हाताशी ठेवला होता. पण आधी त्यांनी फोनवरचे फोटो दाखवले. सूर्य, होड्या, माडाची झाडं, थाळ्या, पुन्हा सूर्य. मी सहज म्हटलं, 'तुमचा एकही नाही यात?' ते म्हणाले, 'काढणार कोण? एकटाच होतो. हिच्या गुडघ्यांपायी पुढे पुढे ढकलत राहिलो, मग ही गेली. मग म्हटलं, ठरवलं होतं तर जाऊन येऊ.' मी विचारलं, 'परत जाल?' त्यांनी फोन बंद करून खिशात ठेवला. 'बोट चांगलीय ताई,' ते म्हणाले, 'पण एकटा नाही जाणार.' मी समोरचा चहा संपवला. चहा त्यांनी फार छान केला होता.

घरी येऊन मी ह्यांना सगळं सांगितलं, तुम्ही आईला सांगायचात तसं, चांगलं आणि वाईट वेगवेगळं न करता. हे ऐकत होते. खलाशी बगलेत हात घालून उचलतात हे ऐकल्यावर म्हणाले, 'मला पोत्यासारखं उचलून होडीत टाकणार? जमणार नाही.' मी म्हटलं, 'मी रोज धरतेच ना?' 'तू वेगळी,' म्हणाले आणि पेपर तोंडासमोर धरला. पेपर थरथरत होता. मला राग आला आणि रडूही आलं. यांच्या इच्छेसाठी मी ठाणे-टिटवाळा करायचं आणि यांनी मान आडवा घालायचा.

सकाळी चहा पिताना हेच म्हणाले, 'मी बोटीवर बसतो. मला मधोमध जायचंय ते बोटीवर बसूनही होतं. बेटांवर तू उतर.' मी म्हटलं, 'आणि तुमच्याजवळ कोण?' 'एवढी माणसं असतात तिथे. खुर्चीत बसेन, दोन तास उठणारच नाही.' मी म्हटलं, 'मग मी कशाला उतरू? दोघं बोटीवरच बसू.' तेव्हा हे म्हणाले, 'मी विचारतोय ते सांग. तुला उतरायचंय का?' आणि उत्तराची वाट बघत राहिले.

अण्णा, याच सुरात मला आयुष्यात आणखी फक्त तुम्ही विचारलं होतंत. ह्यांचं स्थळ आलं तेव्हा तुम्ही चौकशी करून आलात. एक म्हणाला मुलगा हेकट आहे, एक म्हणाला घुम्या आहे, एक म्हणाला जीव लावणारा आहे. आई म्हणाली, इतकं उलटसुलट येतंय तर सोडून द्या. तुम्ही म्हणालात, 'सगळे एकच बोलले असते तर मला संशय आला असता.' मी स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसले आहे. तुम्ही येऊन पाट ओढता, समोर बसता आणि मुलाचं सगळं बरंवाईट मला सांगता. मग म्हणता, 'सगळ्यांना विचारून झालं, आता तू राहिलीस.' मी शहाण्या मुलीसारखं म्हणते, तुम्ही म्हणाल तसं. तुम्ही चिडता. 'माझं लग्न झालेलं आहे,' म्हणता. आणि उठत नाही. तांदूळ निवडून होतात, तरी तुम्ही तिथेच. शेवटी मी हो म्हणते तेव्हा कुठे तुम्ही पाट सरकवून उठता. तिघांनी सांगितलेलं सगळं खरं निघालं, हेकट, घुमे आणि जीव लावणारे.

या वेळी मी इतकी वाट बघायला लावली नाही. चहाचा कप खाली ठेवला आणि म्हटलं, 'हो, उतरायचंय.' हे म्हणाले, 'मग झालं तर.' मी मुलाला फोन करून सांगितलं, खिडकीची खोली घे, खालच्या मजल्याची घे, आणि जिन्याजवळची नको. ह्यांच्या गोळ्या, हातातली काठी, आवळासुपारी, सगळं काढून ठेवते आहे. बोट लागली तर पहिली मलाच लागेल असं ह्यांचं म्हणणं आहे आणि ते बहुधा खरं ठरेल.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं ते मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी टाकलं नसतं, कारण पुढचं मी इथल्या कुणालाही सांगणार नाही. सगळ्यांना मी सांगते आहे की ह्यांना मागे ठेवून उतरताना माझा पाय निघणार नाही. खरं तसं नाही. गेली तीन वर्षं माझा डावा हात यांच्या दंडाला आहे. घरात, रस्त्यात, दवाखान्यात. त्या बेटावर दोन तास तो रिकामा असेल, आणि त्या दोन तासांची मी आत्तापासून वाट बघते आहे. हे म्हणाले, 'मी वरून बघत असेन, हात कर.' करीन, अण्णा. पण उतरल्या उतरल्या नाही. आधी थोडी चालून येईन.